पुढचे पुस्तक कोणते?

संस्थेच्या स्मरणिकेसाठी वाचनाविषयी काही लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने कळविले तेव्हा प्रथम मी नकारच देणार होतो. मी साहित्यिक नाही. बँकेत कारकून आहे, मराठी विषय घेऊन बी. ए. झालो आहे आणि दर रविवारी सकाळी दोन तास आपल्या अभ्यासिकेतील पुस्तकांची कपाटे उघडून बसतो, एवढाच काय तो माझा अधिकार. परंतु याच कपाटांपुढे माझ्या हातून एक चूक घडली आणि त्या चुकीने मला जे शिकविले ते विद्यार्थी मित्रांना सांगावे असे वाटले, म्हणून हे धाडस.

'वाचाल तर वाचाल' हे वाक्य आपल्या वस्तीत भिंतीवर रंगविलेले असते. वाचनाचे महत्त्व सांगणारी भाषणे जयंतीला, वर्षावासात, गुणगौरव समारंभात आपण सर्वांनी ऐकली आहेत. पण एक पुस्तक वाचून झाले, आता दुसरे कोणते घ्यावे, हा साधा प्रश्न कोणी विचारला तर आपण गडबडतो. माझेही तसेच झाले.

बारावीत शिकणारी एक मुलगी अभ्यासिकेत येत असे. तिने दया पवारांचे 'बलुतं' नेले. १९७८ साली ग्रंथालीने प्रसिद्ध केलेले हे पुस्तक आमच्या कपाटात इतके हाताळले गेले आहे की त्याला दोनदा पुठ्ठा बांधावा लागला. मुलीने ते चार दिवसांत परत आणले आणि विचारले, "काका, आता कोणतं वाचू?"

मी क्षणभरही विचार केला नाही. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचा तिसरा खंड काढला आणि तिच्या हातात ठेवला. म्हणालो, "हे वाच. यात सगळं आलं." तिने तो जाडजूड ग्रंथ दोन्ही हातांनी उचलला. "बरं," म्हणाली आणि गेली. तीन आठवड्यांनी तो परत आला. आत अकराव्या पानावर एसटीच्या तिकिटाची खूण तशीच राहिली होती. "वेळ नाही मिळाला, काका," एवढेच ती बोलली. त्यानंतर ती कपाटाकडे फिरकली नाही. पुढच्या खोलीत अभ्यासाला बसे, पण माझ्याकडे बघणे टाळी, जणू तिचेच काही चुकले होते.

चूक तिची नव्हती. आता एक गोष्ट कबूल करतो. तो खंड मी स्वतः त्या वेळी पूर्ण वाचलेला नव्हता. एका ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरील पुस्तकांच्या दुकानांतून मी माझी प्रत घेतली होती. त्या दिवशी तेथे केवढी पुस्तके विकली जातात हे आपण पाहतो. माणसे दूरदूरच्या गावांहून येतात, अभिवादन करतात आणि परतीच्या गाडीत पिशवीभर पुस्तके घेऊन बसतात. मीही दरवर्षी पिशवी भरून आणीत असे. घरी कपाटात त्यांची सुंदर रांग लागली होती. त्यातली वाचलेली किती, हा हिशेब मात्र मी कधी केला नव्हता. दिवसअखेर एका रुपयाचा फरक आला तरी ताळा जुळल्याशिवाय घरी न जाणारा मी, स्वतःच्या कपाटाचा ताळा कधी घेतला नव्हता. मला जे वजनदार वाटत होते ते मी त्या मुलीच्या हातात दिले. तिला काय हवे होते हे विचारले नाही.

त्या रात्री मी कागद घेऊन एक साधे गणित केले. नोकरी करणारा किंवा शिकणारा माणूस रोज नेमाने वीस पाने वाचतो असे धरा. वर्षाची ७३०० पाने होतात. अडीचशे पानांचे एक पुस्तक धरले तर वर्षाला एकोणतीस पुस्तके. वीस वर्षे खंड न पडता हा नेम चालला तरी सहाशेच्या आतच संख्या राहते. आपल्या अभ्यासिकेच्या कपाटांतली पुस्तकेसुद्धा त्यात संपणार नाहीत. आणि रोज वीस पाने हे मी फार उदारपणे धरले आहे. माझी स्वतःची सरासरी लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर पंधरा आणि उभे राहावे लागले तर पाच, अशी आहे. म्हणजे पुढचे पुस्तक निवडणे ही चैनीची बाब नाही. ठेव थोडी असली की ती कोठे गुंतवावी हे अधिक विचाराने ठरवावे लागते.

मग मी एक वही घातली. बँकेची सवय म्हणून तिला खतावणीसारखे रकाने पाडले: पुस्तकाचे नाव, कोणी सांगितले, केव्हा सुरू केले, केव्हा संपविले आणि मध्ये एक रकाना 'का घेतले'. हा मधला रकाना सर्वांत त्रासदायक निघाला. कित्येकदा लिहायला काहीच सुचेना. 'प्रसिद्ध आहे', 'घरात असावे', 'साहेबांच्या टेबलावर दिसले', 'निम्म्या किमतीत मिळाले' अशी कारणे लिहिताना माझी मलाच लाज वाटू लागली. वर्ष संपल्यावर वही चाळली तेव्हा दिसले की अशा कारणांनी घेतलेली पुस्तके बहुतेक अर्धवट राहिली होती. ज्यांच्यापुढे एखादा प्रश्न लिहिलेला होता ती मात्र, जाड असूनही, संपली होती.

येथे बाबासाहेबांच्याच वाचनाकडे वळावेसे वाटते. त्यांनी किती वाचले हे आपण अभिमानाने सांगतो. न्यूयॉर्कमध्ये शिकत असताना त्यांनी सुमारे दोन हजार ग्रंथ जमविले, १९१७ साली महायुद्धात जहाज बुडून त्यांतले बरेचसे समुद्रात गेले, पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले ते ग्रंथांसाठी, हे सर्व चरित्रांत आहे. पण ते एका पुस्तकाकडून दुसऱ्याकडे कसे गेले, हे आपण क्वचितच पाहतो.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ च्या एप्रिलमध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ती छापली गेली नाही, पुढे ती स्वतंत्रपणे उजेडात आली. विद्यार्थ्यांनी ती अवश्य मिळवून वाचावी. तीत त्यांनी आपल्या लहानपणाची हकिकत सांगितली आहे. वडील रामजी सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. मुलाने विचारले, हे आम्हाला कशासाठी वाचायला लावता? वडिलांनी उत्तर दिले की द्रोण, कर्ण, वाल्मीकी ही लहान स्थितीतून वर आलेली माणसे बघा, म्हणजे मनातला न्यूनगंड जाईल. मुलाचे समाधान झाले नाही. या प्रश्नोत्तराच्या आधीच कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले होते. ते वाचून मुलगा भारावला होता आणि वडिलांनी हे वाङ्मय आपल्याला का दिले नाही, असा प्रश्न त्याला पडला होता.

पहिल्या पुस्तकांवरून प्रश्न निर्माण झाला, तो मुलाने वडिलांपुढे बोलून दाखविला, आणि नेमक्या वेळी नेमके पुस्तक देणारा एक शहाणा माणूस भेटला. केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एकटाच वाचत बसणाऱ्या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले, त्यांनी त्याची चौकशी केली आणि मग पुस्तके दिली, असे चरित्रकार सांगतात. आधी चौकशी आणि मग पुस्तक, हा क्रम मी त्या मुलीच्या बाबतीत विसरलो होतो.

याच प्रसंगावरून आणखी एक गोष्ट हाती लागते. धनंजय कीरांच्या चरित्रात ही भेट मॅट्रिक झाल्यानंतरच्या, म्हणजे १९०७ च्या सत्कारात दिल्याचे येते. बाबासाहेबांनी स्वतः मात्र त्या प्रस्तावनेत इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख केला आहे. मला हा फरक दिसला तेव्हा दोन दिवस चैन पडेना. बँकेत दोन खात्यांत एकाच रकमेच्या वेगळ्या नोंदी दिसाव्यात तसे वाटले. मग चां. भ. खैरमोडे यांच्या चरित्राचा पहिला खंड काढावा लागला. तो १९५२ सालचा, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतला. अशा रीतीने एका तारखेने मला एक चरित्र वाचायला लावले. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना असल्या फरकाचा राग येतो, कारण त्यांना एकच उत्तर हवे असते. खऱ्या वाचकाला त्याचा आनंद व्हावा. दोन पुस्तके एकमेकांशी जुळत नाहीत तेथे तिसरे पुस्तक कोणते ते आपोआप ठरते.

कधीकधी लेखक स्वतःच पुढची वाट दाखवितो. वर सांगितलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी म्हटले आहे की धम्म नीट समजण्यासाठी हा ग्रंथ आणि त्याच्या जोडीला आणखी दोन, असा तिघांचा संच आहे. बाकीचे दोन म्हणजे बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांच्यावरील लेखन आणि प्राचीन भारतातील क्रांती व प्रतिक्रांती यांवरील ग्रंथ. हे दोन्ही त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाहीत. क्रांती-प्रतिक्रांतीचा ग्रंथ तर अपुराच राहिला. १९८७ साली निघालेल्या तिसऱ्या खंडात ते आहेत. होय, मी त्या मुलीला दिलेला खंड तोच! ग्रंथ थोर होता, यात शंका नाही. पण ज्या संचातले ते दुसरे-तिसरे पुस्तक, त्यातले पहिले तिने वाचलेले नव्हते. शिवाय 'बलुतं'मधील कावाखान्यातून उठून थेट तेथे जायला मध्ये कितीतरी पायऱ्या हव्या होत्या.

पुस्तकाच्या आत पुढच्या पुस्तकाचा पत्ता शोधण्याची ही सवय लावून घ्यावी. अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मध्येच आलेले एखादे नाव, काहीही चालते. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही १९५९ सालची कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. ते पान उलटून आपण कथानकाकडे धावतो. पण एका शाहिराने आपली कादंबरी एका लेखणीला का वाहावी, असा प्रश्न जर त्या पानापाशी पडला तर पुढे काय वाचायचे हे वेगळे विचारावे लागत नाही. धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण तर याहून मोठे आहे. गोव्यातील साखवाळचा हा मुलगा, औपचारिक शिक्षण जवळजवळ नाही. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले. त्यातून जी भूक लागली ती भागविण्यासाठी त्यांनी १८९९ साली घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ असे करीत ते सिंहलद्वीपाला पोहोचले आणि पाली शिकले. पुढचे पुस्तक ज्या भाषेत होते ती भाषाच त्यांनी आत्मसात केली. हे सर्व त्यांनी 'निवेदन' (१९२४) या आत्मकथनात साध्या शब्दांत सांगितले आहे. आपल्याकडे हे पुस्तक फारच कमी वाचले जाते, याचे मला वाईट वाटते.

आता थोडे कटू बोलतो. आपल्यापैकी पुष्कळजण जे आधीच पटलेले आहे तेच पुनःपुन्हा वाचतात. मीही त्यातलाच. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' आपण सर्वांनी, निदान नावाने, ओळखतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले हे भाषण होऊ शकले नाही आणि १९३६ साली बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. पण १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी काय केले ते पाहा. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर केलेली टीका त्यांनी आपल्याच पुस्तकात छापली आणि पुढे आपले उत्तर जोडले. विरोधकाचे म्हणणे वाचकाने त्याच्याच शब्दांत वाचावे, अशी ती व्यवस्था होती. तेव्हा एखादे पुस्तक फारच पटले तर त्याच्या विरुद्ध बाजूचे एक पुस्तक लगेच घ्यावे. मी हे दोनदा केले आहे. एकदा माझे मत अधिक पक्के झाले, एकदा ढिले पडले. कोणत्या विषयात ते येथे सांगत नाही, नाहीतर पुढच्या सभेत मला बोलू देणार नाहीत.

दुसरी सवय आत्मकथनांच्या बाबतीतली. 'बलुतं' आवडले की आपण 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या' अशी माळच लावतो. ही पुस्तके मोलाची आहेत. परंतु एकापाठोपाठ सहा वाचली तर चौथ्यापासून वाचकाला दुसऱ्याच्या दुःखाचीही सवय होते, असा माझा स्वतःचा अनुभव आहे, आणि त्याची मला भीती वाटली. मध्ये एखादे इतिहासाचे, एखादे शेतीचे किंवा खगोलाचे, निदान एखादे हसविणारे पुस्तक यावे. वेळ कमी असेल तर कथासंग्रह घ्यावा. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मधली एक कथा एका प्रवासात होते, पण ती डोक्यात पुढे आठवडाभर चालते.

आणि न आवडलेले पुस्तक सोडून द्यावे काय? माझे उत्तर होय असे आहे. पन्नास पाने प्रामाणिकपणे वाचावीत आणि मग निःसंकोच परत करावे. फक्त वहीत 'आत्ता नको' असे लिहावे, 'नको' असे लिहू नये. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' मी कॉलेजात असताना तिसाव्या पानावर सोडली होती. तिशीत पुन्हा उघडली, ती दोन रात्रींत संपविली. पुस्तक तेच होते. आमचे एक ज्येष्ठ सभासद मात्र म्हणतात की घेतलेले पुस्तक संपविलेच पाहिजे, ताटात वाढलेले टाकू नये. त्यांच्या पिढीने एकेक पुस्तक कसे मिळविले हे ठाऊक असल्यामुळे मी त्यांच्याशी वाद घालीत नाही. रामजी सुभेदारांनी मुलाच्या पुस्तकासाठी लेकींकडून उसने पैसे आणले, त्यांचे दागिने गहाण ठेवले. त्या काळात अर्धे पुस्तक सोडण्याची चैन कोणाला होती? आज शासनाचे ते इंग्रजी खंड पीडीएफ होऊन प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये मावतात. मावतात, आणि तेथेच राहतात.

असो. त्या मुलीकडे येतो. सहा-सात महिने गेल्यावर एका रविवारी मी अभ्यासाच्या खोलीत जाऊन तिच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, "तुला तो खंड दिला ते माझं चुकलं. मी स्वतःच तेव्हा तो पुरता वाचलेला नव्हता." ती पहिल्यांदा हसली. मग मी तिला जे आधी विचारायला हवे होते ते विचारले. 'बलुतं'मधलं काय लक्षात राहिलं?

तिने थोडा विचार केला. म्हणाली, "त्यातल्या बाया. त्या सारख्या राबत असतात. पण त्यांना काय वाटत होतं, ते त्या स्वतः कुठं सांगतात?"

मी उठलो आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणून दिले. १९८६ चे पुस्तक, लहानसेच. बेबीताई फलटणला किराणा दुकान चालवीत, पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचीत, आणि आपले लेखन त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, एवढे तिला सांगितले. बाकी काही बोललो नाही.

या वेळी पुस्तक पाच आठवडे परत आले नाही. मला वाटले, पुन्हा फसलो. पण ती आली तेव्हा पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले होते आणि पानांवर हळदीचा एक डाग होता. त्याबद्दल तिने आधी क्षमा मागितली. उशिराचे कारण असे की ती रोज रात्री ते आजीला वाचून दाखवीत होती. आजी अक्षरशत्रू. चुलीपुढे बसून ऐकायची आणि मध्येच थांबवायची. "आमच्याकडं आषाढात असं नव्हतं, थांब, सांगते," म्हणून आपल्या माहेरची रीत सांगायची. त्यामुळे एका पानाला एक तास. एके रात्री आजी म्हणाली, "ह्या बाईला कुणी लिवायला शिकवलं गं?" आणि बराच वेळ गप्प बसली.

"मग आता?" मी विचारले. 'हे घे' म्हणण्याचा मोह मी आवरला.

तिच्या हातात वहीचे पान होते. तीन प्रश्न लिहिलेले. पहिला असा: बाबासाहेबांच्या सभांना ज्या बाया जायच्या, स्वतः भाषणं करायच्या, त्यांची नावं कुठे मिळतील?

याचे उत्तर एका पुस्तकात आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला', १९८९. चळवळीतल्या कितीतरी स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून त्यांच्या मुलाखती या दोघींनी त्यात नोंदविल्या आहेत. मी कपाट उघडले. दाखल नोंदवहीत पुस्तकाचे नाव होते, दाखल क्रमांक होता, जागेवर पुस्तक नव्हते. कोणीतरी नेले आणि परत केले नाही. नेणाऱ्याच्या सहीचे कार्डही सापडले. सही माझी होती.

त्या दिवशी संध्याकाळी घरी जाऊन मी माळ्यावरच्या पिशव्या खाली काढल्या. दुसऱ्या पिशवीत ते मिळाले. पुढच्या रविवारी थकलेला दंड नियमाप्रमाणे पेटीत टाकला आणि पुस्तक तिच्या नावावर लिहिले. उरलेल्या दोन प्रश्नांपैकी एकाचे पुस्तक मला अजून सापडलेले नाही. प्रश्न असा आहे: आजीसारख्या, लिहिता न येणाऱ्या बायकांच्या ओव्या आपल्या तालुक्यात कोणी लिहून घेतल्या आहेत का? सभासदांपैकी कोणाला ठाऊक असल्यास रविवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत अभ्यासिकेत येऊन सांगावे. तसे पुस्तक नसेलच तर त्या मुलीने आजीच्या ओव्या उतरवून घ्यायला सुरुवात केली आहे. दोनशे पानी वही आहे, सत्तर पाने झाली आहेत.